सोळाव्या वर्षाचा परवाना

दहावी झाली की पोरांची पहिली मागणी स्कूटरची! ‘सोळाव्या वर्षी परवाना मिळतो ना?’ मिळतो, पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो दिला आहे ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता. लुना-मोपेडचा तो जमाना गेला. आज दारोदारी दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या. त्यांना १८ वर्षे पुरी लागतात. शिवाय शिकाऊ परवान्यावर ‘एल’ची पाटी हवी आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणी बसता कामा नये. २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकांना ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा आईबाबांनो, क्लासला उशीर होतो म्हणून किल्ली देऊ नका. बुडालेला तास भरून निघतो; रस्त्यावर गेलेला जीव नाही. दोन वर्षे सायकल आहेच की!