पंधराव्या महिन्यानंतर आमची मुलं कुणाची?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,

लहान बाळांच्या घरभेटींचा कार्यक्रम आपल्याच मंत्रालयाचा, त्यामुळे प्रास्ताविक करत नाही. बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येते. पुढे भेटी बंद. स्वमग्नतेच्या प्राथमिक तपासणीची एम-चॅट प्रश्नावली मात्र लागूच होते सोळाव्या महिन्यापासून!

माझा मुलगा पंचविसाव्या आठवड्यात जन्मला, पंधरा आठवडे आधी. पंधरा महिन्यांचा झाला तेव्हा वाढीच्या हिशेबाने तो जेमतेम साडेअकरा महिन्यांचा होता. त्या शेवटच्या भेटीत कुणाला काय दिसणार होतं?

अकाली जन्मलेल्या मुलांतला स्वमग्नतेचा धोका नवा नाही. स्वीडनमध्ये १९७३ ते २०१३ या काळात जन्मलेल्या ४० लाखांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पूर्ण दिवसांच्या मुलांत स्वमग्नता १.४ टक्के, २८ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत ६.१ टक्के. अमेरिकेत अशीच मुलं दहाव्या वर्षी तपासली, तेव्हा ७.१ टक्के, त्यातल्या २३-२४ आठवड्यांच्या मुलांत १५ टक्के. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २६ आठवड्यांआधीच्या मुलांत अकराव्या वर्षी ८ टक्के. शंभरातल्या नव्वदांना स्वमग्नता नसते, हे घाबरलेल्या प्रत्येक आईला मीच सांगते. पण उरलेल्यांना शोधायचं कुणी?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक जातं, हे उत्तर कृपया देऊ नका. त्या घोळक्यात नजर न देणारं, हाक मारली तरी न वळणारं मूल शहाणं, शांत ठरतं. या पथकाने तपासायच्या विकारांच्या आपल्या यादीत स्वमग्नता २०१३ पासून आहे. यादीत असून माझ्या मुलाला काय मिळालं? "मुलगे उशिराच बोलतात, थांबा." थांबलो. निदान झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. अतिदक्षता कक्षातून घरी सोडताना डोळ्यांच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून दिली होती, म्हणून त्याची दृष्टी वाचली. वाढीच्या तपासणीची एकही तारीख त्या कार्डावर नव्हती.

ज्यांना आपण यंत्रं, औषधं, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका देऊन जगवता, त्यांना पुढे वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

प्रत्येक कार्डावर जन्माचा आठवडा लिहा. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांसाठी १८व्या आणि २४व्या महिन्याच्या भेटी वाढवा, वय दुरुस्त करून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, मोजा. शंका आली की मूल थेट जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाऊ द्या. २०१८ मध्ये आशाताईचा मोबदला भेटीमागे ५० रुपये ठरला होता. त्या दराने दोन भेटींचे होतात १००.

हे कधीपासून सुरू करणार, ते लेखी कळवावे.

एक आई