‘आज माझ्याकडून होणार नाही’



विमानातून उड्या मारणाऱ्यांची कैफियत रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानांवर कशाला, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. ज्याला रात्री अडीचला कॉल येतो किंवा जो भर उन्हात बीट फिरून येतो, त्याने पैसेवाल्यांच्या हौसेची चिंता का वाहावी? प्रश्न रास्त आहे. पण हौस करणारा वेगळा आणि त्या हौसेवर पोट भरणारा वेगळा. आम्हाला बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल. त्याची हकिकत शेवटपर्यंत वाचलीत तर ती आपल्या ओळखीची वाटेल, अशी आमची खात्री आहे.

2011 सालच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या हिंदी चित्रपटात तीन मित्र स्पेनमध्ये विमानातून उडी घेतात, ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि 2018 साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून. तेव्हा हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. मात्र शिकायला वेळ नाही, एकदाच अनुभव घ्यायचा आहे, अशा नवख्यांसाठी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक युक्ती निघाली. माणसे दोन, छत्री एक. या प्रकाराला ‘टँडम’ म्हणतात. गिऱ्हाईक पुढे, शिकवणारा मागे आणि दोघांचे पट्टे चार कड्यांनी एकमेकांत अडकवलेले. आज अमेरिका, युरोपपासून दुबईपर्यंत हा मोठा धंदा झाला आहे, आणि तो उभा आहे मागे बांधलेल्या त्या इन्स्ट्रक्टरच्या पाठीवर.

त्याचे काम काय असते ते पाहा. गिऱ्हाइकाला जमिनीवर वीस-पंचवीस मिनिटांत शिकवायचे : पाय कुठे, हात कुठे, उतरताना गुडघे कसे वर घ्यायचे. मग विमानात दाटीवाटीने बसून दहा ते चौदा हजार फूट वर जायचे. दारापाशी जाण्याआधी चारही कड्या पुन्हा हाताने चाचपायच्या. बाहेर पडल्यावर आधी एक लहानशी छत्री सोडायची, कारण दोघांचे वजन एकत्र पडू लागले की वेग फार वाढतो. ती छत्री तो ताशी 190 किलोमीटरच्या आसपास रोखते. लगेच सगळ्या मुठी ठरलेल्या क्रमाने हाताने तपासायच्या. जेमतेम मिनिटभराने, पाच-साडेपाच हजार फुटांवर, मोठी छत्री उघडायची. ती नीट उघडली नाही तर काही सेकंदांत ठरवून ती तोडायची आणि राखीव छत्री खोलायची. पुढे बांधलेला माणूस घाबरून हात पकडील, गुदमरेल, एखादे वेळी बेशुद्धही पडेल. त्याचे वजन घेऊन जमिनीवर उतरायचे, आणि तो धक्का आपल्या गुडघ्यांनी आणि कमरेने सोसायचा.

मग छत्री गुंडाळून द्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मोसमातल्या गर्दीच्या दिवशी अशा दहा-दहा उड्या होतात.

अमेरिकेच्या हवाई नियमांनुसार टँडम इन्स्ट्रक्टरला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि 500 उड्या लागतात. परवाना लागतो, खास प्रशिक्षणही लागते. पण एका दिवसात त्याने जास्तीत जास्त किती उड्या घ्याव्यात, याची मर्यादा त्या कलमात नाही. आणि पुष्कळ ठिकाणी त्याला पगार नसतो, उडीमागे पैसे असतात. ढग खाली आले, वारा वाढला की दिवसभर मैदानावर बसून राहायचे. त्या बसण्याचे मोल शून्य. आभाळ उघडले की बुडालेली कमाई भरून काढायला न थांबता उड्या. थकलो म्हणून एक उडी सोडली तर तेवढे पैसे गेले. थकवा मोजायचा कोणी, आणि कशाच्या आधारावर?

या थकव्यालाच इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो शब्द कामाच्या संदर्भात वापरला. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली आणि तिच्यात तीन गोष्टी सांगितल्या : शक्ती आटून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. संघटनेने हेही स्पष्ट केले की हा रोग म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सावरलेल्या ताणातून ही अवस्था येते. हे वाक्य प्रत्येक युनियन ऑफिसात लावून ठेवावे असे आहे. दोष माणसाच्या कमकुवतपणात शोधण्याआधी तो कामाच्या मांडणीत शोधा, असेच ते सांगते.

टँडम इन्स्ट्रक्टरमध्ये ही अवस्था कशी ओळखायची? तो रडत नाही, काम टाकून जात नाही. उलट त्याचे काम फार सफाईदार होते. कड्या चाचपणारा हात फिरतो, पण मन त्या हाताबरोबर नसते. आपल्या लोको पायलट बंधूंना हे वेगळे समजावून सांगायला नको. ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात, ते याचसाठी की डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने पक्के व्हावे. पण सलग चौथ्या रात्री तोंड पुकारते आणि डोके पाहत नाही, असा क्षण येतो. कीमन रोजच्या त्याच रुळावरून चालतो. चावी ढिली आहे हे दिसण्यासाठी ती रोज नव्याने पाहावी लागते. सवयीने काम सोपे होते खरे, पण थकलेल्या माणसाची सवय त्यालाच फसवते.

यावर यंत्रे आहेत, असे व्यवस्थापन सांगेल. आहेत. ठराविक उंचीच्या खालीही माणूस वेगाने पडतच राहिला तर राखीव छत्री आपोआप उघडणारे उपकरण टँडमच्या सामानात असते. आपल्या इंजिनातही ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही असे दिसले की ब्रेक लावणारे उपकरण असते. ती असावीत, अधिक चांगली व्हावीत. पण माणूस शुद्धीवर आहे की नाही एवढेच यंत्राला कळते. तो आतून विझला आहे की नाही, हे सोबत्यालाच कळते.

आणखी एक ओझे आहे, ते कुठल्याही काट्यावर तोलता येत नाही. इन्स्ट्रक्टरची ती त्या दिवसाची आठवी उडी असते. गिऱ्हाइकाची आयुष्यातली पहिली. त्याच्या आनंदात आनंद दाखवावा लागतो. अनेकदा इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर कॅमेरा असतो, म्हणजे हसणेही चित्रफितीत भरून द्यायचे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली विमानातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि या विकत दिलेल्या हसण्याला श्रम म्हटले. आपला पोस्टमन दिवसभरात शेकडो दारे घेतो. पण मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हातारीसाठी तो एकटाच आलेला असतो. तिच्याशी दोन शब्द बोलण्याचा वेळ कुठल्या बीटच्या हिशेबात धरला जातो? तिकीट खिडकीवरची आमची भगिनी शंभराव्या माणसाशीही पहिल्यासारखीच बोलली पाहिजे, अशी अपेक्षा असते. अपेक्षा चूक नाही. ती फुकट पुरी होते असे समजणे चूक आहे.

मग करायचे काय? जे या कामात आहेत त्यांना स्वतःपुरते काही करता येते. झोप आणि सुट्टी यांत तडजोड करू नये. कमरेची, गुडघ्यांची दुखणी लपवू नयेत. कधीतरी गिऱ्हाईक न बांधता, फक्त स्वतःसाठी एक उडी घ्यावी, म्हणजे या धंद्यात आपण का आलो ते आठवते. वर्षातले काही महिने शिकवणे, छत्र्या तपासणे अशी जमिनीवरची कामे घ्यावीत. जिवावरचा प्रसंग येऊन गेला तर तो गिळून टाकू नये, त्याच दिवशी सोबत्यांशी बोलावा. हे सारे उपाय चांगले आहेत. पण उडी सोडली की चूल अडते, अशी व्यवस्था असेल तर हे शहाणपण दुपारपर्यंतही टिकत नाही. तणावमुक्तीचे शिबिर भरवून ड्यूटीचा तक्ता तसाच ठेवणारे व्यवस्थापन आपणही पाहिले आहे.

आकाशातल्या कामाचा ताण हा सामुदायिक मागणीचा विषय एकदा झाला होता. 3 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेतले सुमारे 13 हजार विमान-वाहतूक नियंत्रक संपावर गेले. पगारवाढीबरोबरच 32 तासांचा आठवडा ही त्यांची मागणी होती, कारण पडद्यावरचे ठिपके पाहत बसण्याने माणूस कसा झिजतो हे ते रोज भोगत होते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 5 ऑगस्टला 11 हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. ऑक्टोबरात त्यांच्या संघटनेची मान्यताही गेली. संप चिरडला गेला. पण माणसे संपली तरी प्रश्न राहिला, आणि 1987 साली त्याच कामातल्या नव्या लोकांनी नवी संघटना उभी केली.

आपल्याकडे या प्रश्नाला जुना आधार आहे. न्या. राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या निवाड्याने रेल्वेतल्या कामाचे जे वर्ग केले, त्यांत ‘इंटेन्सिव्ह’ हा एक वर्ग होता. 1989 च्या रेल्वे कायद्यानेही तो घेतला. त्याची कसोटी काय? सतत एकाग्रता किंवा कष्टाचे अंगमेहनतीचे काम, आणि विसाव्याला जवळजवळ वाव नाही. म्हणजे लक्ष देणे हीही मेहनत आहे, घमेली उचलण्याइतकीच खरी, हे आपल्या कायद्याने मान्य केले आहे. अशा कामाला त्याने सरासरी आठवड्याला 45 तासांची मर्यादा घातली. हे कोणाच्या कृपेने मिळालेले नाही. ऑगस्ट 1973 मध्ये लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा कुठे दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळाले. आणि 8 मे 1974 ला सुरू झालेल्या वीस दिवसांच्या देशव्यापी रेल्वे संपातही कामाचे तास हा मागण्यांपैकी एक मुद्दा होता. नियम कागदावर आल्यानंतरही ते ड्यूटीच्या तक्त्यात उतरवायला किती भांडावे लागते, हे आपण जाणतोच.

टँडम इन्स्ट्रक्टरकडे हा कागदही नाही. म्हणून त्याच्यासाठी आम्ही जे मागू, ते मूळ गोष्टींपासून सुरू होते. मैदानावर थांबलेल्या तासांचे पैसे. दिवसाला उड्यांची कमाल मर्यादा आणि दोन उड्यांमध्ये सक्तीचा विसावा. जमिनीवरच्या कामाची पाळी. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘आज माझ्याकडून होणार नाही’ असे सांगण्याचा हक्क. त्या दिवसाची कमाई न बुडता आणि पुढच्या यादीतून नाव न कापले जाता.

या शेवटच्या हक्कात कामगाराइतकेच गिऱ्हाइकाचेही हित आहे. समोर बांधलेल्या माणसाचा जीव वाचतो तो मागचा माणूस खरे बोलू शकतो म्हणून. गाडीतल्या हजार-दीड हजार प्रवाशांचेही तसेच आहे. ते झोपलेले असतात आणि पुढे कॅबमध्ये कोण किती तास जागा आहे, हे त्यांना माहीत नसते.

तेव्हा पुढच्या वेळी लॉबीत किंवा सॉर्टिंग हॉलमध्ये एखादा सोबती हळूच म्हणाला की आज जमणार नाही, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याच्या मागच्या आठवड्याच्या ड्यूट्या मोजा. मग शाखेच्या सभेत तो हिशेब सर्वांसमोर ठेवा. एकट्याने सांगितला तर तो बहाणा ठरतो; सगळ्यांनी मिळून मांडला की त्याची मागणी होते.