नकलेलाही अक्कल लागते

मावशीला फोनवर सांगितलं, की शनिवार-रविवार घालवून जुन्या पद्धतीचं लाकडी धनुष्य करायला शिकलो आणि रविवारी दुपारी ते मोडलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पैसे भरून काठी मोडायला गेला होतास?"

तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून हे लिहितोय. मावशी, तू हे वाचणार आहेस हे माहीत आहे. तेव्हा अर्ध्यावर सोडू नकोस.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पोर्टस्मथच्या संग्रहालयात. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना तिथल्याच समुद्रात बुडालं. चारशेहून जास्त वर्षं ते गाळात होतं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढला. जहाजात तोफा, ताटल्या, कंगवे, फासे असं काय काय सापडलं, आणि त्याबरोबर दीडशेहून जास्त धनुष्यं आणि हजारो बाण. बरीचशी धनुष्यं तर पेट्यांमध्ये रचून ठेवलेली.

काचेपलीकडे ती पाहताना पहिल्यांदा निराशाच होते, खरं सांगतो. धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रामाच्या तसबिरीतलं वळणदार, नक्षीदार धनुष्य येतं. ही म्हणजे सहा-सात फुटी सरळसोट काठ्या. मध्ये जाड, टोकांना निमुळत्या. जागोजागी गाठी, थोडी वाकडी चाल. याच जहाजावरची काही धनुष्यं डीन बंधू या पाणबुड्यांनी एकोणिसाव्या शतकातच वर काढली होती. ती इतकी जाडजूड होती, की अर्धवट घडवलेली असावीत असं समजणारेही होते. एवढं जाड धनुष्य माणूस वाकवणार कसा?

आणि इथेच प्रतिकृतीचं काम सुरू होतं. धनुष्य किती ताकदीचं होतं, हे त्याच्याकडे नुसतं बघून कळत नाही, ते ओढावं लागतं. पण शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड आतून खचलेलं. ते वाकवलं तरी खरा आकडा मिळणार नाही, वर मोडण्याची भीती. जुन्या पुस्तकाला विचारावं, तर रॉजर अॅस्कमचं तिरंदाजीवरचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक योगायोगाने १५४५ सालीच निघालं. धनुष्य कसं निवडावं, कसं जपावं हे त्यात आहे, पण अमुक पौंडांचं असावं असा आकडा नाही. मग एकच मार्ग उरतो. तसंच लाकूड घ्यायचं, त्याच मापाने तासायचं आणि ओढून बघायचं.

रॉय किंग या कारागिराने तशी धनुष्यं केली. लाकूड अमेरिकेतल्या ओरेगॉनचं, दाट रेषांच्या यू झाडाचं. या कामात रॉबर्ट हार्डी हे नट होते. हॅरी पॉटरच्या सिनेमांमधला मंत्री फज म्हणजे हेच. धनुष्य हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या मंडळींनी आपल्या धनुष्यांना 'प्रतिकृती' म्हटलंच नाही. 'मेरी रोझच्या जवळपास जाणारं' अशा अर्थाचं नाव दिलं. आम्ही तेच केलंय असा दावा नाही. जितकं जवळ जाता आलं तितकं गेलो, एवढंच.

आणि उत्तर काय मिळालं? ताकदीचा अंदाज १०० ते १८५ पौंड, त्यातली बरीचशी दीडशेच्या आसपास. दीडशे पौंड म्हणजे ६८ किलो. सिमेंटच्या पोत्याहून जास्त ओझं दोन-तीन बोटांनी कानापर्यंत ओढायचं, सोडायचं आणि लगेच पुढचा बाण लावायचा. आजच्या ऑलिंपिकमधल्या पुरुषांची धनुष्यं साधारण पन्नास पौंडांच्या आगेमागे असतात! साहजिकच अनेकांना हे पटेना.

पण मग दुसऱ्या गोष्टींचा अर्थ लागायला लागला. जहाजावरच्या सांगाड्यांचा अभ्यास अॅन स्टर्लंड यांनी केला. खांद्याच्या फऱ्याच्या टोकाचं हाड तरुणपणी मूळ हाडाशी जुळून येतं. या सांगाड्यांमध्ये ते न जुळलेलं असण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असं त्यांनी मांडलं. आणि ह्यू लॅटिमर या बिशपने १५४९ मध्ये राजापुढच्या प्रवचनात सांगितलंच होतं, की वडील मला वयाप्रमाणे वाढत्या ताकदीची धनुष्यं आणून देत. वाचणाऱ्यांनी ते शतकानुशतकं वाचलं होतं. धनुष्य हातात आल्यावर त्याचं वजन कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रतिकृती ही शोभेची वस्तू नाही, तो प्रश्न विचारायचा एक मार्ग आहे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोराला विचारा. चित्रातला किल्ला कितीही वेळा पाहिला तरी जे कळत नाही, ते चिखलाचा बुरूज दोनदा ढासळल्यावर कळतं. भिंतीवर टांगायला केलेलं, गुळगुळीत पॉलिश मारलेलं धनुष्य दिसायला हुबेहूब असेल, पण त्याला काहीच विचारता येत नाही. कारण ते कधी चुकू शकत नाही. जे मोडू शकतं तेच काही सांगू शकतं.

आता माझी काठी. यू महाग, झाड वाढतं अगदी सावकाश, आणि शिकाऊ माणसाच्या हाती ते देणं हा गुन्हाच. म्हणून आम्हाला अॅश नावाच्या झाडाचं लाकूड दिलं होतं. पण पद्धत तीच. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती वाकताना ताणली जाते, आपल्याकडची बाजू दाबली जाते. यूमध्ये निसर्गानेच सोय केली आहे. बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं लालसर लाकूड दाब सोसतं. दोन्ही एकाच फांदीत. बाकीच्या झाडांत लाकडाची रेष सांभाळत, थोडं थोडं तासत, पुन्हापुन्हा वाकवून दोन्ही हात सारखे वाकतात का ते बघायचं. पूर्ण दोन दिवस हेच.

माझ्या काठीत वरच्या हाताला एक गाठ होती. शिकवणारे म्हणाले, गाठीभोवती थोडं लाकूड जास्त ठेव, उंचवटा दिसला तरी चालेल. मेरी रोझच्या धनुष्यांवरही कारागिरांनी असे उंचवटे ठेवलेले दिसतात. मला मात्र तो डोळ्यांत खुपत होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा मी कानस घेऊन तो सपाट केला. छान दिसायला लागलं. दुपारी धनुष्य २४ इंचांपर्यंत ओढलं आणि बरोब्बर त्या गाठीपाशी काडकन आवाज आला.

संग्रहालयात मी ज्याला ओबडधोबड म्हणालो होतो, ते ओबडधोबड नव्हतंच. तो हिशेब होता. हे मला काचेपलीकडून कधीच कळलं नसतं. पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावून पान उलटलं असतं.

प्रतिकृती फसवूही शकते, हे मान्य करायला हवं. ओरेगॉनचं यू म्हणजे युरोपातलं यू नव्हे. जहाजावर धनुष्याची एकही दोरी टिकली नाही, त्यामुळे दोरीच्या बाबतीत सगळा तर्कच. बाणांच्या खाचा सुमारे ३ मिलिमीटरच्या, म्हणजे दोरी त्याहून जाड असून चालणार नाही. एवढ्या बारीक तागाच्या दोरीने दीडशे पौंडांचा झटका कसा सोसला, यावर जाणकार अजून भांडतात. आधुनिक धाग्याची दोरी लावून मोकळं होणारे खूप आहेत. मग तिथे प्रश्न न विचारताच उत्तर मिळाल्यासारखं होतं. पण बघा, दोरीचा हा प्रश्नसुद्धा पडला कोणाला? धनुष्य पुन्हा करायला बसलेल्यांनाच.

माझं चालत असतं तर संग्रहालयात मूळ धनुष्याशेजारी चांगली प्रतिकृती ठेवली असती, आणि तिच्याशेजारी मोडलेल्या दोन-तीन, कुठे आणि का मोडल्या ते लिहून. लोक तिथेच जास्त वेळ थांबले असते, अशी माझी पैज आहे.

असो. मोडलेले दोन्ही तुकडे घरी आणले आहेत. टेबलावर, समोरच ठेवलेत. पुढच्या वेळी गाठीला हात लावणार नाही. आणि मावशी, काठी मोडायचे पैसे नव्हते भरले गं. ती का मोडते ते कळायचे भरले होते. आता फोन कर आणि महाग पडलं की स्वस्त, ते तूच सांग.