माळेगावचा बाजार कोणी मोडला?

फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहराचा नाताळबाजार एका दिवसाच्या सहलीत पाहून आलेला एक जुना विद्यार्थी परवा भेटला. दिव्यांच्या माळा, लाकडी दुकाने, देशोदेशींच्या बसगाड्यांतून उतरणारी गर्दी यांचे वर्णन झाल्यावर त्याने विचारले, "सर, आपल्याकडे असे काही का नाही?"

नांदेडच्या माणसाने हा प्रश्न विचारावा! नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे नाताळच्याच आगेमागे, तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा तो बाजार दक्षिणेत विख्यात. सकाळच्या एसटीने जावे, भंडारा उधळताना पालखी पाहावी, संध्याकाळी परतावे. मीही तसा जात असतो. परंतु सहल करणाऱ्याला जे दिसत नाही, तेच येथे सांगावयाचे आहे.

यात्रेत कृषिप्रदर्शन असते, कुस्त्या असतात, लावणी असते. लाल कंधारी आणि देवणी या आपल्याच दोन जिल्ह्यांत घडलेल्या जातींची उत्तम जनावरे पारितोषिकासाठी उभी असतात. मंत्री येतात, पशुधनाचे गुणगान करतात. मात्र मांडवापलीकडे झाडाखाली बसलेल्या शेतकऱ्याकडे थकलेल्या बैलांची जोडी असते. "इकावं तर गिऱ्हाईक नाही, ठेवावं तर कडबा नाही," एवढेच तो म्हणतो.

हे दैवाने घडलेले नाही. गोहत्येस महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बंदी बैलांवरही आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. बैल हे कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल आहे. म्हाताऱ्या जोडीच्या मोडीच्या किमतीत चार पैसे घालून तो तरणी जोडी घेई. मोडीची किंमत शून्यावर आणली की नवे गिऱ्हाईकही नाहीसे होते, आणि मग गोऱ्ह्याचा भाव उतरतो, तो पैदास करणाऱ्याच्या अंगावर येतो. कारखान्याचे जुने यंत्र भंगारात विकण्यास सरकार बंदी घालील काय? यंत्राला तर कडबाही लागत नाही! कायद्याने उरले ते रस्त्यावरच्या स्वयंघोषित गोरक्षकांनी पुरे केले. २०१७ साली केंद्राने बाजारांवर घातलेल्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तरी गाडी अडविणाऱ्यांना स्थगिती कोण देणार? अखेर २०२५ मध्ये कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर खरेदीच थांबविली, तेव्हा हिंदू शेतकऱ्याचा बैल आणि मुसलमान व्यापाऱ्याचा पैसा एकाच दावणीला बांधलेले आहेत, हे अनेकांना प्रथमच कळले.

त्या स्ट्रासबूर्गची गोष्ट मौजेची आहे. तो बाजार पूर्वी संत निकोलसाच्या नावाने भरे. १५७० साली धर्मसुधारकांच्या आग्रहाने संताचे नाव गेले, बाजार राहिला. आमच्या धर्मरक्षकांनी देवाचे नाव ठेवले आणि बाजार घालविला.

आणि आपण? हमीभावाच्या मोर्चात आपला कार्यकर्ता घसा कोरडा करतो. बैलाचा प्रश्न निघाला की इकडेतिकडे पाहू लागतो. "मते जातील, साथी," असे मला तालुक्याच्या एका बैठकीत हळूच सांगण्यात आले. मते आधीच गेली आहेत. आता बैलही चालले. ट्रॅक्टर भाड्याने आणणाऱ्या तीन एकरवाल्याला हे बैठकीत समजावून सांगावे लागत नाही, त्याला ते प्रत्येक नांगरटीला समजते.

येत्या मार्गशीर्षात नांदेड आणि लातूरच्या साथींनी माळेगावी एक टेबल मांडावे. न विकता परत जाणाऱ्या प्रत्येक जोडीची नोंद करावी: गाव, वय, मागितलेला भाव, मिळालेला भाव, वर्षाचा कडबा. मंत्र्यांचे भाषण संपताच ती वही व्यासपीठावर नेऊन ठेवावी.