नोंद नाही, की पाहिलेच नाही?

पिंजारी कुटुंबातील एक गृहस्थ गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. मुलीला जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलीचे आजोबा धुळ्याला शिकलेले. ती शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यालय जळगावात. संस्थेचे नाव आम्ही सांगत नाही, कारण ही गत अनेक ठिकाणी आहे. तिथून दोनदा उत्तर मिळाले, “सगळी रजिस्टरे स्कॅन झाली आहेत. संगणकावर शोधले, नोंद नाही.” प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली.

आमचा भाचा संगणकाचे काम करतो. संस्थेची परवानगी घेऊन तो तिथे बसला.

कार्यालयात शोधासाठी कोणीतरी पूर्वी लिहून दिलेली एक छोटी स्क्रिप्ट होती. अशा शोधाला रिकर्सिव्ह म्हणतात. ईदच्या आधी आवराआवर करताना अम्मी मोठी पेटी उघडते, पेटीत डबा निघाला तर डबा, डब्यात थैली निघाली तर थैली. दर ठिकाणी तेच काम पुन्हा. स्क्रिप्टही फोल्डरातला फोल्डर तशीच उघडत जाते. फरक इतकाच की इथली काही फोल्डरे जळगावच्या सर्व्हरवर, तर काही सुमारे नव्वद किलोमीटर दूर धुळ्याच्या शाळेतल्या संगणकावर आहेत, नेटवर्कने जोडलेली.

आणि कुलूपबंद डबा लागला तर? अम्मी विचारते, “किल्ली कुठाय?” या स्क्रिप्टला मात्र सांगून ठेवले होते की अडचण आली तर गप्प राहा आणि पुढे जा. पॉवरशेलमध्ये अशी सोय आहे, आणि पडद्यावर लाल ओळी नकोत म्हणून लोक ती सर्रास वापरतात. त्यामुळे जिथे प्रवेश नाही, जिथे धुळ्याचा संगणकच बंद आहे, जिथे फोल्डरात फोल्डर ठेवून पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला आहे (मराठी नावात काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात, म्हणून ही हद्द लवकर येते), ते सगळे मुकाट वगळले जाई. शेवटी येई ते “काही सापडले नाही.” कारकुनाने खोटे सांगितले नव्हते. त्याला तेवढेच दिसत होते.

भाच्याने एकच मोठा बदल केला. जे उघडता आले नाही त्याची वेगळी यादी निघू दिली. त्या यादीत “प. खा. जुने” नावाचे फोल्डर होते, फक्त मुख्याध्यापकांना उघडणारे. प. खा. म्हणजे पश्चिम खानदेश. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व म्हणजे आजचे जळगाव आणि पश्चिम म्हणजे धुळे. (१९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले, म्हणून शहादा-तळोद्याच्या वाचकांनी जुना कागद धुळ्याच्या नावानेही शोधावा.) जो “धुळे” लिहून शोधेल त्याच्या हाती हे फोल्डर लागणारच नाही.

नावांचाही घोळ असतोच. शेख, शेक, गुलाम, गुलाब, इंग्रजीत तर एकाच घरात तीन स्पेलिंगे. भाच्याने सगळी रूपे घालून पाहिली, तरी फाइल निघेना. कारण स्कॅन म्हणजे फोटो. स्क्रिप्ट फाइलचे नाव वाचते, आतले हस्ताक्षर नाही. आणि फाइलींना नुसते रजिस्टर क्रमांक दिलेले. मग मुख्याध्यापकांकडून परवानगी आली आणि भाचा व ते गृहस्थ एकेक पान पाहत बसले.

ईशाची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, “थांब बेटा, मागचं पान.” नोंद १९५६ ची, नाव “शेक गुलाब”, जातीच्या रकान्यात पिंजारी.

तुम्हाला कुठे “नोंद नाही” असे उत्तर मिळाले तर एवढे जरूर विचारा: कोणती फोल्डरे उघडली नाहीत? उत्तर लेखी मागा. कार्यालयात काम करणाऱ्या वाचकांसाठी आणखी थोडे. शोध शक्यतो फाइली ज्या संगणकावर आहेत तिथेच चालवा, नाहीतर दर फोल्डरासाठी नेटवर्कवरून फेरा पडतो. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला तुमचे झेड ड्राइव्ह बहुधा दिसत नाही, म्हणून सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या. आणि तिला फक्त वाचण्याची मुभा ठेवा.

दाखल्याची प्रमाणित प्रत मुलीच्या अर्जाला जोडली गेली. न उघडलेल्या फोल्डरांची यादी आता त्या कार्यालयात दर सोमवारी छापून भिंतीवर लागते. पहिल्या सोमवारी तिच्यात अकरा नावे होती.