उंबऱ्यापाशी अडलेल्यांचा दवाखाना

एरंडोलहून जळगाव किंवा पारोळ्याहून धुळे, एसटीने फार तर तासाभराचा रस्ता. मार्च २०२३पासून बायकांना त्याचं तिकीटही अर्धं झालं आहे. पण स्टँडवर गाडी लागताच ज्याची छाती धडधडू लागते, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण इथेच कोसळणार असं ज्याला वाटतं, त्याच्याच्याने हा रस्ता पार होत नाही. पॅनिक अटॅकचा हा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो; मागे राहते ती तो पुन्हा येण्याची धास्ती. मग माणूस आधी एसटी टाळतो, पुढे बाजार, पुढे लग्नकार्य, आणि शेवटी ओट्यावरूनच परत फिरतो. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली मोकळे चौक ओलांडायला घाबरणाऱ्या रुग्णांवर लिहिताना या भीतीला अॅगोराफोबिया हे नाव दिलं. तेव्हापासून उपचार खूप सुधारले, पण आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ बसतात मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे या रुग्णाला जिथे जाताच येत नाही तिथे. त्याचा उपचार त्याच्या दारापासून सुरू व्हायला हवा.

कारण आजार वाढतो तोच टाळण्यातून. धास्तीने श्वास भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातूनच मुंग्या आणि गरगर सुरू होते. रुग्ण तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो आणि धास्ती आणखी वाढते. गाडीतून उतरला की बरं वाटतं, आणि उतरलो म्हणून वाचलो अशी त्याची खात्री पटते. बसून राहिला असता तरी झटका ओसरलाच असता, हे त्याला कधी कळतच नाही. घरचेही मायेपोटी ‘राहू दे, किराणा मी आणतो’ म्हणत त्याचं जग आणखी आकसून टाकतात. उपचाराची दिशा नेमकी उलटी. सकाळी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, धडधड वाढली तरी ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. ते जमलं की किराणा दुकान, मग स्टँडवर उभ्या गाडीत नुसतं बसणं, मग सोबतीने पाळधीपर्यंत, पुढे एकट्याने जळगाव. दाराजवळची सीट आणि खिशातली ‘लागलीच तर’ची गोळी हेही आधार हळूहळू सोडायचे. गरज पडल्यास डॉक्टर रोज घ्यायची औषधं देतात. अल्प्राझोलामच्या गोळीने लगेच शांत वाटतं, पण तिची सवय लागते. जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षं घेत राहणं हा उपचार नव्हे.

दुखणं खरोखर हृदयाचं निघालं तर? रास्त शंका आहे. पहिल्या झटक्याला डॉक्टर आणि ईसीजी हवेच, आणि लक्षणं वेगळी वाटली तर पुन्हाही हवेत. पण तपासणी साफ आल्यावर दर झटक्याला नवा ईसीजी काढणं म्हणजे भीतीला दाखला देणं. उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी घरात राहणं हे शहाणपणच. सराव सकाळी करता येतो. जबरदस्तीने ढकलण्याचा तर प्रश्नच नाही, पुढची पायरी कधी चढायची हे रुग्णाने ठरवायचं. बायकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. हा विकार स्त्रियांमध्ये सुमारे दुपटीने आढळतो, तरी तो लवकर लक्षात येत नाही. पुरुषाचं काम सुटलं की घर हादरतं. बाई वर्षभर माहेरीही गेली नाही तर ‘ती कुठे जातच नाही’ हे कौतुकाने सांगितलं जातं. कुणाच्या लक्षात आलंच, तर ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावून मोकळे.

दाराशी उपचार मागणं म्हणजे चैन नव्हे, कायद्यातच तो हक्क आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगतं की मानसिक आजार असलेल्याला उपचारासाठी लांब जावं लागू नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ असावी. एवढे मनोविकारतज्ज्ञ आणणार कुठून, असं यावर विचारलं जाईल. पण प्रत्येक गावात तज्ज्ञ हवा, असं कुणी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. फोन सरावाला सोबत येणार नाही, हे खरं. म्हणून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या मानसिक आरोग्य पथकांनी पहिल्या भेटी फोनवर घ्याव्यात, पायऱ्या ठरवून द्याव्यात आणि कोपऱ्यापर्यंतच्या पहिल्या चकरांना गावातल्या आशाताईची सोबत द्यावी. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे. तेव्हा हे काम त्यांच्या गळ्यात फुकट मारायचं नाही, दर फेरीचा मोबदला ठरवून द्यायचा.