कमवा आणि शिका – पण पगार कधी?

‘कमवा आणि शिका’ ही योजना मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून काहींना वाटेल की मास्तर योजनेच्या विरोधात आहेत, म्हणून ही सावधगिरी!

परदेशातल्या भाचे-पुतण्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याने कॉलेजातच रोज दोन-तीन तास काम करायचं. ग्रंथालयात पुस्तकं लावायची, ऑफिसात नोंदी करायच्या, बागेला पाणी द्यायचं, वर्ग-आवार झाडायचं. तासाप्रमाणे मोबदला मिळतो. पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. तिथे तासाला ४५ रुपये मिळत, पुढे ते ५५ झाले. आमच्याकडची कॉलेजं १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाखालीच होती. मग जळगावला आपलं विद्यापीठ झालं आणि आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे.

परवा एका लग्नाच्या पंगतीत विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, “आता फी माफ, शिष्यवृत्ती आहे, कामं कशाला करायची पोरांनी?” २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अनेक मुलींची फी शासन भरतं, हे खरं आहे आणि चांगलंच आहे. पण गरीब घरात शिक्षण अडतं ते फीपाशीच असं नाही. एसटीचा पास (सवलतीचा असला तरी पैसे लागतातच), खोलीचं भाडं, खानावळ, झेरॉक्स, परीक्षेचा फॉर्म, मोबाईलचं रिचार्ज... शे-दोनशे रुपयांची ही खिंडारं असतात आणि पोरं त्यातूनच गळतात. फी माफ झाली म्हणून खानावळवाला थांबत नाही.

तर काम हवंच. माझा आक्षेप निराळा आहे.

आमच्या गल्लीतला एक मुलगा शेजारच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाप सालदार. गेल्या वर्षी पोराने योजनेत नाव घातलं, ऑगस्टपासून इमानाने काम केलं. गणपती गेले, नवरात्र गेलं, पैशाचा पत्ता नाही. ‘बिल वर पाठवलं आहे’, ‘ग्रँट आली की होईल’ अशी उत्तरं. (कॉलेजचं नाव लिहीत नाही. एकाच कॉलेजची ही गोष्ट असती तर बरं झालं असतं.) दिवाळीच्या आधी कापूस फुटला आणि हा दिसेनासा झाला. मी हटकलं तर म्हणाला, “गुर्जी, येचनीना पैसा हप्ताले भेटतस. कॉलेजना कव्हय भेटतीन ते देवले माहित!”

यात काय चुकलं पोराचं? खानदेशात कापूस वेचणीला ऑक्टोबरपासून जोर येतो आणि कॉलेजच्या सत्र परीक्षा साधारण त्याच सुमारास. वेचणीला किलोवर दर असतो, आठवड्याला हिशेब होतो, रोख पैसे हातात येतात. पाठ मोडते, बोटं सोलवटतात, तास बुडतात. पण शनिवारी पैसे मिळणार हे पोराला ठाऊक असतं. उलट कॉलेजात सावलीतलं काम, शेजारी ग्रंथालय, वेळ सोयीची, तरी तो तिथून उठून शेतात गेला. तारखेची खात्री नाही एवढ्या एका कारणासाठी.

लोक दरावरून भांडतात, आणि दर वाढायला हवा हे मलाही पटतं. पण रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ येतात. म्हणजे तासाचे ५५ अगदीच टाकाऊ नाहीत. पण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यायची असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथेही रखडायची, ते सगळ्यांना माहीत आहे. तरी मजुराला कायद्यावर बोट ठेवून विचारता येत होतं. कॉलेजात झाडू मारणाऱ्या पोराने कशावर बोट ठेवायचं? त्याच्या मजुरीला आपण ‘मदत’ म्हणतो. मदत म्हटलं की ती उशिरा आली तरी आभारच मानायचे असतात!

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागते. भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली सातारला वसतिगृह थाटलं. गांधीजींनी १९२७ साली त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथे अठरापगड जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र जेवत. स्वयंपाक, पाणी, शेतीकाम सगळं पोरंच करत. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे तर सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी गरीब मुलाने शिकायचं म्हणजे माधुकरी मागायची नाहीतर वार लावून जेवायचं. कुणाच्या घरी सोमवार, कुणाच्या घरी मंगळवार, आणि तेही जातीच्या नशिबात असेल तर. भाऊरावांनी ते मिंधेपण काढून टाकलं. पण कसं? वसतिगृहात काम सर्वांना होतं. खुरपं हातात असलेला मुलगा गरीब, बिनखुरप्याचा श्रीमंत, अशी खूणच उरली नाही.

आपण त्यातलं काम ठेवलं आणि ‘सर्वांना’ हा शब्द काढून टाकला.

आता नोटीस बोर्डावर यादी लागते, ‘गरीब व गरजू विद्यार्थी’. पुढे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आणि कधी कधी हातात खराटा देऊन पेपरसाठी फोटो. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, तिच्या वर्गातल्या मैत्रिणी कट्ट्यावर बसलेल्या, आणि ही त्यांच्यासमोर आवार झाडते आहे. गंमत अशी की हाच खराटा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सगळी पोरं हौसेने धरतात, गाणी म्हणत गटारं उपसतात. तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण डॉक्टरचा मुलगाही बाजूला घमेलं घेऊन उभा असतो. झाडण्यात लाज नाहीच. एकट्याने झाडण्यात आहे.

आमच्या जवळच्या अमळनेरला साने गुरुजी शाळेत शिकवत आणि छात्रालयही सांभाळत. पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडत. पोरं आपोआप झाडायला लागली. हल्ली कॉलेजात असं कोण करेल, असं म्हणून हसू नका. प्राचार्यांनी खराटा घ्यावा असा माझा आग्रह नाही! आवाराची सफाई आठवड्यातून एक तास सगळ्या कॉलेजने करावी, बिनपैशाने. आणि योजनेतल्या गरजू मुलांना पैशाची कामं द्यावीत ती प्रयोगशाळेतली, ग्रंथालयातली, ऑफिसातली, संगणकावरची, जी पुढे अर्जात लिहिता येतील. सगळ्यांना पगारी काम दिलं तर पैसे पुरणार नाहीत, हा हिशेब मला कळतो. म्हणून तर ही वाटणी सुचवतोय.

अमेरिकेत १९६४ पासून सरकारी वर्क-स्टडी योजना आहे. तीही गरज पाहूनच काम देते. पगाराचा मोठा वाटा सरकार देतं, उरलेला कॉलेज किंवा जिथे काम असेल ती संस्था. पण नियम असा की किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही आणि महिन्यातून एकदा तरी पगार झालाच पाहिजे. (आपल्याकडून शिकायला गेलेल्यांना ती योजना मिळत नाही, पण कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. त्यामुळे इथे स्वतःचं ताट न उचललेली आपली पोरं तिथे कॅन्टीनमध्ये ताटं विसळतात आणि आईबाप इथे कौतुकाने सांगतात. तेच काम पारोळ्यात केलं तर सांगतील का?) केंटकी राज्यात बेरिया नावाचं कॉलेज आहे. ते १८९२ पासून शिकवण्याची फी घेत नाही आणि तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावंच लागतं. भाऊरावांच्या जातकुळीचंच वाटलं मला ते.

काही मित्र म्हणतात, आम्ही बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून शिकलो, हल्लीच्या पोरांना सगळं लगेच हवं. खडी फोडली हे खरं. पण मुकादमाने मस्टर दाबून ठेवलं तर आपणच तहसीलवर जाऊन आरडाओरडा करायचो, हे ते सोयीस्कर विसरतात.

गल्लीतला तो मुलगा परीक्षेला बसला, एक विषय राहिला. योजनेतलं त्याचं नाव मधल्या काळात कमी झालं, ‘गैरहजर’ म्हणून. ऑगस्ट-सप्टेंबरचे पैसे फेब्रुवारीत खात्यावर जमा झाले. ते बघून त्याच्या आईने मला पेढा आणून दिला. मी तो खाल्ला, काय करणार!

जुलैत पुन्हा अर्ज निघतील. आमच्या भागातल्या कॉलेजांच्या संचालक मंडळांवर ओळखीची माणसं आहेत, काही तर माझे विद्यार्थीच. त्यांना पत्रं लिहिली आहेत. मोठं काही मागितलेलं नाही. अनुदान येईपर्यंत कॉलेजने आपल्या फंडातून पैसे द्यावेत आणि मग वळते करून घ्यावेत. आणि नोटीस बोर्डावर अर्जाच्या शेवटच्या तारखेशेजारी आणखी एक तारीख लिहावी, पगाराची, खाली प्राचार्यांच्या सहीसकट.